रोग रेड्याला, औषध पखालीला
फोर-व्हील पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलचे निदान
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीवर झाले. आता मी गाडीच्या डिफरन्शियलवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत थोडी कुजबुज झाली. शेतकी कॉलेजात शिकलेल्या माणसाने पिकावर बोलावे, मिस्त्रीच्या कामात कशाला नाक खुपसावे, असे कुणाला वाटले तर त्यात चूक नाही. पण आज इथे आलेल्यांपैकी कितीजण पिकअपने आले ते बाहेर जाऊन मोजा. त्यातल्या फोर-व्हील किती तेही मोजा.

आपल्या काळ्या रानात पाऊस लागला की साधी गाडी आसापर्यंत रुतते. म्हणून कुणी एकट्याने, कुणी चौघा भावांनी मिळून फोर-व्हील पिकअप घेतली. पेरणीला बी-खत तिच्यावर, फवारणीच्या पाण्याच्या टाक्या तिच्यावर, दिवाळीनंतर कापूस तिच्यावर आणि शेवटी ज्वारीची पोती अन् कडबाही तिच्यावरच. ही गाडी ऐन वेचणीत आठ दिवस गॅरेजात उभी राहिली तर काय होते? घरात कापूस पडून राहतो, भाड्याची गाडी मागेल ते भाडे घेते आणि हप्त्याची तारीख काही पुढे जात नाही. त्यावर गॅरेजवाला सांगतो, "मागचं अख्खं हौसिंग बदलावं लागेल." आपण विचारतो, "किती लागतील?" कशावरून बदलावे लागेल, हे मात्र विचारत नाही. मला आज एवढेच सांगायचे आहे की खर्चाचा आकडा विचारण्याआधी निदान विचारा.

पिकाच्या बाबतीत हे आपल्याला पटते. ज्वारीचा पोंगा वाळला की पोंगेमर झाली म्हणतो. पण पोंगेमर हे लक्षण आहे, रोग नव्हे. पोंगा धरून ओढला आणि सहज निघून आला, बुडाला कुजका वास आला, तर ती खोडमाशी. पानांवर ओळीने छिद्रे आहेत आणि ताट चिरल्यावर आत पोखरलेले आहे, तर तो खोडकिडा. पोंगा दोन्हीत वाळतो, पण कारण वेगळे, वेळ वेगळी आणि उपायही वेगळा. कपाशीचा लाल्याही तसाच. पान लाल झाले म्हणून कीटकनाशक मारत सुटलात आणि आत मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडत असेल, तर औषधाचे पैसे पाण्यात. मागच्या धुऱ्यातून आवाज येणे हीसुद्धा पोंगेमरच आहे. पोंगा ओढून पाहिल्याशिवाय औषध आणू नका.

जू समजले की डिफरन्शियल समजले

इंजिनाची ओढ प्रॉपेलर शाफ्टमधून मागे येते. मागच्या धुऱ्याच्या मधोमध जो गोळा दिसतो त्यात एक लहान दातेरी पिनियन आणि एक मोठे दातेरी चाक असते. त्या मोठ्या चाकाला आपण क्राऊन म्हणतो. पिनियनचे साधारण चार फेरे होतात तेव्हा क्राऊनचा एक फेरा होतो. गाडीगणिक हा आकडा थोडा कमी-जास्त असतो. इथे वेग कमी होतो, ओढ वाढते आणि ती आडवी वळून दोन्ही चाकांकडे जाते.

आता वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी. बैलगाडीची चाके आसावर सुटी असतात, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. इथे तर दोन्ही चाकांना इंजिनाने ढकलायचे आहे. म्हणून क्राऊनला जोडलेल्या पेटीत चार किंवा सहा लहान गिअर असतात. मिस्त्री त्यांना सन आणि स्टार म्हणतात. ते दोन्ही बाजूंना सारखी ओढ वाटतात, पण वेग ज्याचा त्याला ठेवू देतात.

हे अगदी जूसारखे आहे. जू मधोमध बांधलेले असते. दोन्ही बैल ओढतात तोवर गाडी चालते. एका बैलाने मान काढून घेतली की दुसरा कितीही तगडा असो, जू गरकन फिरते आणि गाडी जागची हलत नाही. साध्या डिफरन्शियलचा नियम हाच. एका बाजूची ओढ गेली की दुसऱ्या बाजूचीही गेली. चिखलात एकच चाक फिरत राहते आणि गाडी उभीच राहते, त्याचे कारण हेच.

तुटला काय, बदलले काय

आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याच्या गाडीची गोष्ट सांगतो. कापूस भरलेली गाडी नाल्याचा चढ चढत होती. मागचे एक चाक ओल्या जागेत गरगर फिरले, मग एकदम कोरड्या मुरमावर आले आणि खाडकन आवाज झाला. त्यानंतर टू-व्हीलमध्ये गिअर टाकला तर इंजिन ओरडते, प्रॉपेलर शाफ्ट फिरतो, पण गाडी हलत नाही. फोर-व्हील लावली की पुढच्या चाकांवर चालते. गॅरेजात निकाल लागला की मागचे डिफरन्शियल संपले, हौसिंगसकट दुसरे बसवा. घरच्यांनी मनात गहाण ठेवायची तयारीही केली होती. एका जुन्या मिस्त्रीने चाकाच्या मधल्या फ्लँजचे बोल्ट काढले आणि एक्सल ओढला, तर अर्धाच बाहेर आला. तुटला होता एक एक्सल शाफ्ट. क्राऊन-पिनियन शाबूत होते. जू फिरले होते, गाडी मोडली नव्हती. आत राहिलेला तुकडा काढला, ऑइल काढून आतले गिअर तपासले, नवा शाफ्ट घातला आणि गाडी चालू झाली. अख्ख्या हौसिंगच्या मानाने तो खर्च कितीतरी कमी होता.

हे घरी कसे तपासायचे? सपाट कठीण जागेवर गाडी उभी करा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. मागची दोन्ही चाके जॅकने उचला आणि धुऱ्याखाली भक्कम स्टँड किंवा लाकडी ओंडके द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी जायचे नाही. इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला, टू-व्हीलमध्ये पहिला गिअर टाकलेला. आता एक चाक हाताने फिरवा. साधे डिफरन्शियल शाबूत असेल तर दुसरे चाक उलट दिशेने फिरते. दुसरे चाक गप्प राहिले, प्रॉपेलर शाफ्टही हलला नाही आणि हातातले चाक मोकळे फिरत राहिले, तर एखादा एक्सल तुटला किंवा आतले सन-स्टार गेले. प्रॉपेलर शाफ्ट धरलेला असताना दोन्ही चाके मिळून एकाच दिशेला मोकळी फिरली, तर क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांत धरत नाहीत. काही गाड्यांत मागे आपोआप लॉक होणारे किंवा घर्षणपट्ट्यांचे डिफरन्शियल असते. तिथे ही चाचणी वेगळी लागते, त्यासाठी गाडीचे पुस्तक पाहावे. आणि एक कडक सूचना. अशा गाडीत, किंवा फोर-व्हील लावलेली असताना, एकच चाक उचलून इंजिन चालू करू नका. गाडी जॅकवरून उडी घेते.

आवाज कधी येतो ते लिहून काढा

गाडी चालते पण आवाज येतो, अशी प्रकरणे जास्त. इथे कानाने ऐकायचे आणि कागदावर लिहायचे. रिकामा सरळ रस्ता निवडा, सोबत एकजण घ्या. गाडी टू-व्हीलमध्येच ठेवा. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कधी येतो आणि कधी जातो, हे महत्त्वाचे.

पहिले, डांबरी आणि कच्च्या रस्त्यावर आवाज बदलतो का? बदलत असेल आणि रेसचा त्याच्याशी संबंध नसेल, तर आधी टायर पाहा. टायरच्या गुरगुरीपायी डिफरन्शियल उघडलेल्या गाड्या काही कमी नाहीत.

दुसरे, रेस दिल्यावर कूं असा सूर निघतो आणि पाय उचलल्यावर जातो, किंवा याच्या उलट होते का? मग बोट क्राऊन-पिनियनच्या दातांकडे आणि पिनियनच्या बेअरिंगकडे जाते.

तिसरे, रेस असो-नसो, घरघर वेगाबरोबर वाढतच जाते का? मग बेअरिंग. कोणते? मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग हलकेच डावी-उजवीकडे घ्या. डावीकडे घेतल्यावर भार उजव्या चाकांवर येतो. त्या वेळी घरघर वाढली तर उजव्या चाकाचे बेअरिंग संशयित, उलट असेल तर डाव्याचे. काहीच फरक पडला नाही तर मधल्या गोळ्यातले बेअरिंग.

चौथे, सरळ चालताना गप्प आणि वळताना कटकट होते का? मग सन-स्टार गिअर, त्यांची पिन, त्यांचे वॉशर. वळणावरच ते जोरात काम करतात.

पाचवे, गिअर टाकताना, पुढून रिव्हर्समध्ये घेताना 'टक' वाजते का? इथे घाई करू नका. सगळ्यात आधी प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस पाहा. क्रॉसच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उलट-सुलट पिळा. जरा जरी हलला तर तो गेला. क्रॉस स्वस्त, क्राऊन-पिनियन महाग. मग कमानपाट्यांचे यू-बोल्ट सैल आहेत का पाहा. त्यानंतरच डिफरन्शियलकडे या.

सहावे, ठक-ठक असा मोजता येणारा ठोका पडतो का? गाडी माणसाच्या चालीने, ताशी ५ किलोमीटरने चालवा. पिकअपचे चाक एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या आसपास जाते. म्हणजे या वेगाला दीड सेकंदात एक फेरा. सोबतच्या माणसाने चाकावर खडूची खूण करून बाहेरून चालत पाहावे. चाकाच्या फेऱ्याला एक ठोका असेल तर चाक, ब्रेक ड्रम किंवा क्राऊनचा एखादा दात. फेऱ्याला चारच्या आसपास ठोके असतील तर पिनियन किंवा प्रॉपेलर शाफ्ट. खडूचा तुकडा आणि घड्याळ, एवढ्यात निम्मे निदान होते.

हात लावून आणखी एक पाहता येते. पंधरा-वीस किलोमीटर चालवून थांबा. दोन्ही चाकांचे हब आणि मधला गोळा यांवर पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. गोळा कोमट-गरम असणारच. पण थेंब चर्रकन उडाला, किंवा एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा फार तापला, तर तिथे दुखणे आहे. एका बाजूचा ब्रेक घासत असला तरीही हब तापतो, तेवढे आधी तपासा.

मग प्रॉपेलर शाफ्टचे मागचे टोक, जिथे तो पिनियनला जोडला आहे, ते धरून वर-खाली हलवा. थोडीशी गोल चाल सगळ्याच गाड्यांत असते, तिला घाबरू नका. वर-खाली चाल मात्र अजिबात नको. ती आली म्हणजे पिनियनचे बेअरिंग गेले.

ऑइल खोटे बोलत नाही

माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नका, हे मी गावोगाव सांगत फिरलो. डिफरन्शियलचे माती परीक्षण म्हणजे त्याचे ऑइल.

सपाट जागेवर आधी वरचा भरण्याचा नट उघडा, खालचा नंतर. वरचा गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून ऑइल सोडून दिले असेल, तर पुन्हा भरणार कुठून? बहुतेक गाड्यांत ऑइलची पातळी भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेला असावी. खालच्या नटाला बहुधा चुंबक असतो. त्यावर राखाडी मलम चिकटलेले असेल तर ती रोजची झीज, काळजी नको. चमकणारे पातळ पापुद्रे असतील तर बेअरिंग किंवा दातांचे पृष्ठ सुटू लागले. नखाएवढा तुकडा, ज्याला सरळ कड आहे, तो दाताचा. तो दिसला की गाडी तिथेच थांबवा, कारण तोच तुकडा उरलेले दात खातो.

ऑइल ताकासारखे पांढरट झाले असेल तर आत पाणी गेले. नाला ओलांडताना तापलेला धुरा एकदम गार होतो आणि हवेच्या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढतो. या हवेच्या नळीला ब्रीदर म्हणतात. ती चिखलाने बुजली की आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर पडते. मग आपण सीलवर सील बदलत बसतो आणि दुखणे असते बुजलेल्या नळीत. म्हणून सील बदलायच्या आधी ब्रीदर साफ करा.

आणि ऑइल कोणते? क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घसरत चालतात, त्यांना जास्त दाब सोसणारे गिअर ऑइल लागते. डब्यावर बहुधा जीएल-५ आणि ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० असे लिहिलेले असते. आपल्या गाडीच्या पुस्तकात जे असेल तेच घ्यावे. इंजिनातून काढलेले काळे ऑइल धुऱ्यात ओतणे म्हणजे बैलाला वैरणीऐवजी पाचट घालणे.

गॅरेजात उभे राहून काय पाहायचे

गोळा उघडावा लागलाच तर जवळ उभे राहा. चार गोष्टी पाहा.

क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घासून बनवलेले असतात, ते जोडीनेच बदलायचे. एकाची नवी अन् एकाची जुनी, अशी लावलेली जोडी रडणारच.

दोन्हींमधली चाल डायल गेजने मोजायची. बऱ्याच पिकअपमध्ये ती ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकातला. मिस्त्री अंगठ्याने हलवून "बरोबर आहे" म्हणाला तर गेज मागा.

दातांना रंग लावून फिरवायचे आणि ठसा कुठे उमटतो ते पाहायचे. ठसा दाताच्या मध्यावर हवा. टोकाला किंवा मुळाला असेल तर पिनियनच्या शिमा कमी-जास्त कराव्या लागतात.

पिनियनचे सील बदलताना मधला नट उघडतात. तो परत वाटेल तेवढा आवळला तर बेअरिंगवर नको तेवढा ताण येतो आणि नवे काम थोड्याच दिवसांत जळते. सीलचे काम छोटे आहे, पण त्यातून डिफरन्शियल घालवलेल्या गाड्या आहेत.

दुखणे कशाने होते

फोर-व्हील ही चिखलासाठी आहे. आपल्या बहुतेक पिकअपमध्ये फोर-व्हील लावली की पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांना घट्ट जखडले जातात. वळताना पुढची चाके मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून हा फरक निघून जातो. डांबरावर तो निघत नाही, सगळा पीळ गिअर, क्रॉस आणि एक्सलवर येतो. वळताना गाडी आखडल्यासारखी वाटली, फोर-व्हीलचा दांडा निघेना, तर हाच तो पीळ. म्हणून रान संपले, रस्ता लागला की दांडा काढा.

दुसरे, मागे दोन वेगळ्या मापाचे टायर लावू नका. मापात फरक असला की सरळ रस्त्यावरही सन-स्टार सतत फिरत राहतात. तिसरे, रुतलेले एक चाक रेस देऊन गरगरा फिरवत ठेवू नका. आतली पिन तापून कोरडी पडते आणि चाकाला एकदम पकड मिळाली की काहीतरी तुटते. खाली उतरा, फावडे घ्या, पऱ्हाट्या घाला. चौथे, भार. ५० किलोची ३० पोती म्हणजे दीड टन. गाडीच्या कागदावर किती लिहिले आहे ते पाहूनच भरा.

आणि रानातच मोडली तर? फोर-व्हीलवर हळू घरी आणता येते, पण आधी धुरा ओळखा. एक्सलचा फ्लँज हबच्या तोंडावर वेगळ्या बोल्टांनी बसवलेला असेल आणि चाक न काढता एक्सल बाहेर येत असेल, तर चाक एक्सलवर टांगलेले नाही. तिथे भार उतरवून दोन्ही एक्सल आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट काढावा, हबची तोंडे झाकावीत आणि फोर-व्हील लावून पुढच्या चाकांवर यावे. काही गाड्यांत शाफ्ट काढल्यावर ट्रान्स्फर केसमधून ऑइल गळते, तेवढे आधी पाहावे. पण चाकच एक्सलवर बसवलेले असेल, तर तुटलेल्या एक्सलसह चाक निसटून जाऊ शकते. तिथे मागची बाजू उचलून ओढत न्यावी. स्वतः चालवण्याचे धाडस करू नये.

गावोगाव काय करायचे

माझे म्हणणे मिस्त्रीविरुद्ध नाही. चांगला मिस्त्री चांगल्या वैद्याइतकाच मोलाचा. पण ज्याला रोग सांगता येत नाही त्याच्या गळ्यात वाटेल ते औषध बांधले जाते, मग तो बाजारात असो, बँकेत असो की गॅरेजात.

म्हणून ज्या गावात दोन-चार फोर-व्हील आहेत तिथे वर्गणी काढून दोन भक्कम स्टँड, एक चुंबक आणि एक डायल गेज घ्या. दर पावसाळा संपला की, वेचणी सुरू व्हायच्या आत, प्रत्येक गाडीचे मागचे ऑइल आणि ब्रीदर पाहा. गाडी गॅरेजात नेताना आवाज कधी येतो, कधी जातो, हे लिहिलेला कागद सोबत न्या. आणि तीन गोष्टी मागा. काय बिघडले ते कागदावर लिहून द्या. कशावरून ओळखले ते दाखवा. काढलेला जुना भाग परत द्या. ज्याचे निदान खरे आहे तो या तिन्ही गोष्टी आनंदाने देईल. जो चिडेल त्याच्याकडून गाडी परत घेऊन या.

बाहेर तुमच्या गाड्या उभ्या आहेत. जाताना वाकून एवढे पाहा की मागच्या गोळ्याच्या तोंडाशी, पिनियनच्या सीलपाशी, ओल आहे का. धूळ चिकटून काळा थर आला असेल तर ऑइल गळते आहे. आज ते एका सीलचे आणि थोड्या ऑइलचे काम आहे. वेचणीपर्यंत थांबलात तर क्राऊन-पिनियनचे होईल.

एवढे बोलून मी थांबतो.